सेवाधिष्ठित संगणक-रचना : आवाहन-चौकटी आणि मध्यस्थ

संगणक-जालावरील एका आज्ञावलीने दूरच्या संगणकावर चालणाऱ्या दुसऱ्या आज्ञावलीकडून एखादे काम करवून घेणे, यास आवाहन म्हणतात. काम मागणारी आज्ञावली ती सेवाग्राहक व काम करून देणारी ती सेवादाता होय. मोठ्या संस्थेचे संगणकीय व्यवहार परस्परांना आवाहन करणाऱ्या अशा स्वतंत्र सेवांच्या रूपाने मांडले असता त्या मांडणीस सेवाधिष्ठित रचना असे संबोधितात. आवाहन वरकरणी सोपे दिसले, तरी ते पार पाडण्यास बरेच ज्ञान लागते : सेवादाता कोणत्या पत्त्यावर आहे, त्याला कोणता प्रोटोकॉल म्हणजे संदेशवहनाची कोणती नियमावली समजते, माहिती कोणत्या स्वरूपात पाठवावयाची, विचारणाऱ्याची ओळख कशी पटवावयाची, उत्तर न आल्यास किती वेळ थांबावयाचे आणि पुन्हा विचारावयाचे की नाही.

हे ज्ञान ठेवण्याच्या दोन जागा आहेत. ते सेवाग्राहकाच्या आज्ञावलीत जोडलेल्या तयार आज्ञावली-संचात, म्हणजे लायब्ररीत, ठेवले तर त्या संचास आवाहन-चौकट म्हणतात. ते दोघांच्या वाटेवर बसविलेल्या स्वतंत्र यंत्रणेकडे सोपविले तर ती यंत्रणा मध्यस्थ होय. १९८० नंतरच्या काळात संगणक-व्यवसाय या दोन टोकांमध्ये अनेकदा ये-जा करीत आला. या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते : चौकटीमुळे काय किंवा मध्यस्थामुळे काय, गुंतागुंत नाहीशी होत नाही, तिची जागा आणि तिचा भार वाहणारा तेवढा बदलतो. म्हणून हा प्रश्न केवळ तांत्रिक न राहता जबाबदारीच्या वाटणीचाही ठरतो.

दूरस्थ प्रक्रिया-आवाहन : जालावरील कामाचे आवाहन स्थानिक आज्ञेसारखेच लिहिता यावे, ही कल्पना १९७५–७६ च्या सुमारास जेम्स व्हाइट यांनी अर्पानेट या अमेरिकन संगणक-जालाच्या संदर्भात मांडली. तिला सुस्थिर रूप अँड्र्यू बिरेल व ब्रूस नेल्सन यांनी कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात दिले. त्यांचा निबंध फेब्रुवारी १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या योजनेत सेवाग्राहकाच्या संगणकावर ‘स्टब’ नावाची एक छोटी प्रतिनिधी-आज्ञावली असे. ती आज्ञेतील माहितीची बांधणी करून संदेश पाठवी, उत्तराची वाट पाही आणि ते उलगडून मूळ आज्ञावलीच्या हाती देई. हे स्टब हाताने न लिहिता सेवेच्या वर्णनावरून आपोआप तयार करण्यात येत. सेवादात्याचा पत्ता शोधण्यासाठी एका सामाईक नोंदवहीचा उपयोग होई. प्रत्यक्ष संदेश मात्र थेट जाई. ग्राहककडील आवाहन-चौकटींचे मूळ येथे आढळते.

ही पद्धत लवकरच सर्वत्र पसरली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ती आपल्या जालीय संचिका-व्यवस्थेचा पाया म्हणून वापरली. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संघटनेने १९९१ मध्ये ‘कॉर्बा’ हे मानक प्रसिद्ध केले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टचे ‘डीकॉम’ (१९९६) व जावा भाषेतील ‘आर. एम. आय.’ (१९९७) या पद्धती आल्या. दूरचा संगणक जवळच असल्याचा भास निर्माण करणे, हे या सर्वांचे उद्दिष्ट होते.

या भासावरच १९९४ मध्ये सन कंपनीच्या संशोधन विभागातील जिम वॉल्डो व त्यांचे सहकारी यांनी आक्षेप घेतला. दूरच्या आवाहनास लागणारा वेळ स्थानिक आवाहनाच्या कित्येक पट असतो. दोन संगणकांची स्मृती सामाईक नसते. अनेक कामे एकाच वेळी चालू असतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दूरच्या आवाहनात अंशतः अपयश संभवते. उत्तर आले नाही, तर विनंती पोहोचलीच नाही, काम होऊन उत्तर वाटेत हरवले, की सेवादाता अद्याप काम करीत आहे, हे सेवाग्राहकाला कळू शकत नाही. कोणतीही चौकट हा फरक पुसून टाकू शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

टोकापासून टोकापर्यंतचा युक्तिवाद : मध्यस्थाच्या मर्यादांचे विवेचनही १९८४ मध्येच, आणि बिरेल-नेल्सन यांचा निबंध ज्या नियतकालिकात आला त्यातच प्रसिद्ध झाले. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील जेरोम सॉल्टझर, डेव्हिड रीड व डेव्हिड क्लार्क यांनी असे दाखवून दिले की, काही कार्ये पूर्णपणे व बिनचूक पार पाडणे टोकाच्या आज्ञावलींनाच शक्य असते. वाटेवरील यंत्रणेने ती केली तर ती फार तर कार्यक्षमता वाढविणारी मदत ठरते. त्यांनी दिलेले उदाहरण बोलके आहे. त्यांच्या संस्थेतील अनेक स्थानिक जाले ‘गेटवे’ म्हणजे जोड-संगणकांनी जोडलेली होती. प्रत्येक टप्प्यावर संदेशाची तपासणी होत असल्यामुळे वाहतूक निर्दोष असल्याचा आज्ञावलीकारांचा समज होता. परंतु एका जोड-संगणकात माहितीची अंतर्गत नक्कल होताना दर दहा लाख बाइटांमागे सुमारे एकदा शेजारच्या दोन बाइटांची अदलाबदल होऊ लागली. तपासणी दोन टप्प्यांच्या दरम्यान होई. मध्यस्थाच्या पोटात काय घडते ते कोणीच पाहत नसे. परिणामी एका संगणक-प्रणालीच्या मूळ आज्ञावलीच्या संचिका हळूहळू बिघडत गेल्या आणि जुन्या छापील प्रतींशी ताडून त्या हाताने दुरुस्त कराव्या लागल्या. मध्यस्थावर ठेवलेल्या आंधळ्या विश्वासाचे मोल त्यातून लक्षात आले.

संदेशवाहिन्यांचा उदय : असे असूनही मध्यस्थांची गरज वाढतच गेली, त्यास व्यावहारिक कारण होते. प्रत्येक प्रणाली इतर प्रत्येकीशी थेट जोडावयाची झाल्यास दहा प्रणालींसाठी ४५, तर पन्नास प्रणालींसाठी १,२२५ जोडण्या लागतात. एक प्रणाली बदलली की तिच्या सर्व जोडण्या बदलाव्या लागतात. शिवाय थेट आवाहनासाठी दोन्ही बाजू एकाच वेळी कार्यरत असणे आवश्यक असते. आय. बी. एम. कंपनीने १९९३ मध्ये आणलेल्या ‘एम. क्यू. सिरीज’ या प्रणालीत संदेश एका रांगेत सुरक्षित ठेवला जाई व सेवादाता सवडीने तो उचली. बँका व विमा कंपन्या यांत ही पद्धत रूढ झाली.

दुसरी महत्त्वाची धारा शेअरबाजाराच्या व्यवहारांतून आली. मुंबईत जन्मलेले अभियंता विवेक रणदिवे यांच्या टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स या अमेरिकेतील कंपनीने १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इन्फर्मेशन बस’ ही यंत्रणा विकसित केली. संगणकाच्या आतील निरनिराळे भाग ‘बस’ नावाच्या एका सामाईक वाहिनीला जोडलेले असतात, त्यावरून हे नाव घेतले होते. माहिती देणारा ती विषयवार प्रसिद्ध करी व ज्यांना तो विषय हवा त्यांना ती मिळे. एकमेकांचे पत्ते ठाऊक असण्याची जरुरी नसे. कंपनी १९९४ मध्ये रॉयटर्सने विकत घेतली आणि १९९७ मध्ये त्यातून ‘टिब्को’ ही कंपनी निघाली. या मूळ बसमध्ये कोणतेही मध्यवर्ती केंद्र नव्हते. प्रत्येक संगणकावर एक छोटी साहाय्यक आज्ञावली चाले व ती स्थानिक जालावर संदेश प्रसारित करी. पुढे ‘बस’ या शब्दाला जो केंद्रीय अर्थ चिकटला, तो प्रारंभी त्यात नव्हता.

वेब-सेवा व त्यांची आवाहन-चौकट : २००० च्या सुमारास कॉर्बा, डीकॉम इ. परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धतींना पर्याय म्हणून वेब-सेवांची मानके पुढे आली. संदेशाच्या बांधणीसाठी ‘सोप’ (मे २०००), सेवेच्या वर्णनासाठी ‘डब्ल्यू. एस. डी. एल.’ (मार्च २००१) आणि सेवांच्या सार्वजनिक सूचीसाठी ‘यू. डी. डी. आय.’ (२०००) ही त्यांपैकी प्रमुख होत. सूचीत पाहून सेवाग्राहक योग्य सेवा आपोआप शोधील, ही अपेक्षा मात्र फलद्रूप झाली नाही; आय. बी. एम., मायक्रोसॉफ्ट व सॅप यांनी चालविलेली सार्वजनिक सूची जानेवारी २००६ मध्ये बंद करण्यात आली.

वेब-सेवांच्या प्रारंभीच्या आज्ञावली ‘सोप’ या एकाच प्रोटोकॉलशी जखडलेल्या असत. सेवादाता त्याच संगणकावर असला, किंवा संदेश-रांगेतून त्याच्याशी बोलणे अधिक सोयीचे असले, तरी सेवाग्राहकाची आज्ञावली नव्याने लिहावी लागे. यावर उपाय म्हणून आय. बी. एम. च्या संशोधकांनी २००१ मध्ये ‘वेब सर्व्हिसेस इन्व्होकेशन फ्रेमवर्क’ म्हणजे वेब-सेवांची आवाहन-चौकट तयार केली. ती पुढे ॲपाची प्रतिष्ठानाकडे सोपविण्यात आली. सेवेच्या वर्णनाचे दोन भाग असतात : सेवा काय करते हा अमूर्त भाग आणि तिच्याशी कोणत्या प्रोटोकॉलने बोलावयाचे हा मूर्त भाग. आज्ञावलीकाराने फक्त अमूर्त भागाला उद्देशून लिहावे. मूर्त भाग प्रत्यक्ष आवाहनाच्या वेळी वर्णन वाचून चौकट ठरवील, अशी ही योजना होती. त्यामुळे तोच सेवाग्राहक एका सेवेशी ‘सोप’ने, दुसरीशी संदेश-रांगेतून व तिसरीशी त्याच संगणकावरील साध्या जावा-आज्ञेने बोलू शके. प्रोटोकॉलांचे भाषांतर करणारा कोणीही वाटेत लागत नसे. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेल्या ‘विंडोज कम्युनिकेशन फाउंडेशन’मध्येही पत्ता, बंधन व करार या तीन गोष्टी अशाच अलग केल्या होत्या.

या मार्गाचे लाभ उघड होते. संदेश थेट जाई, त्यामुळे विलंब कमी होई. मध्ये बंद पडणारे असे काही नसे. आणि अपयशाची पहिली जाणीव ज्याला त्यावर निर्णय घ्यावयाचा त्यालाच होई. उणिवाही तितक्याच उघड होत्या. चौकट ज्या भाषेत लिहिली त्याच भाषेच्या आज्ञावलींना ती उपयोगी पडे. तिच्यात सुधारणा झाली, तर ती प्रत्येक सेवाग्राहकात नव्याने जोडावी लागे. संस्थेत कोण कोणाला आवाहन करीत आहे, हे एका जागी बसून पाहण्याची सोय नसे.

सेवा-बस : नेमक्या याच उणिवांवर ‘एंटरप्राइझ सर्व्हिस बस’ या मध्यस्थाने बोट ठेवले. गार्टनर या सल्लागार संस्थेचे रॉय शुल्टे यांनी २००२ मध्ये ही संज्ञा प्रचारात आणली व डेव्हिड चॅपेल यांच्या २००४ मधील ग्रंथाने तिला मान्यता मिळवून दिली. सेवाग्राहकाने आपल्याला येणाऱ्या कोणत्याही प्रोटोकॉलने बसकडे विनंती द्यावी. योग्य सेवादाता शोधणे, संदेशाचे रूपांतर करणे, ओळख तपासणे व नोंद ठेवणे ही कामे बसने करावीत, अशी वाटणी त्यात होती. ग्रेगॉर होपे व बॉबी वूल्फ यांच्या २००३ मधील ग्रंथाने अशा संदेशवहनाच्या नेहमी लागणाऱ्या रचनांना नावे दिली. ती आजही वापरात आहेत.

व्यक्तींच्या वाटचालीतही हे स्थित्यंतर दिसते. आवाहन-चौकटीच्या रचनाकारांपैकी एक, श्रीलंकेचे संजीव वीरवरण यांनी २००५ मध्ये सहकाऱ्यांसह ‘डब्ल्यू. एस. ओ. टू’ ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या प्रमुख उत्पादनांत सेवा-बसचा समावेश झाला. दोन्ही मार्ग एकाच गरजेतून निघाले होते, याचे हे एक गमक मानता येईल.

तथापि दशकाच्या अखेरीस सेवा-बसविषयी असमाधान वाढले. वाटेत बसलेल्या यंत्रणेत रूपांतराचे नियम साचत गेले व त्यांबरोबर व्यवसायाचे नियमही साचले. कर्जाच्या अर्जाची छाननी कर्ज-विभागाच्या आज्ञावलीत व्हावयाची, ती बसमध्ये होऊ लागली. बस सांभाळणारा गट वेगळा असल्याने दोन विभागांतील लहानसा बदलही त्या गटाच्या रांगेत खोळंबून राही. जोडण्या १,२२५ वरून पन्नासावर आल्या खऱ्या, पण त्या सर्वांचे ज्ञान एका जागी गोळा होऊन तेथेच त्याची गाठ बसली. सेवाधिष्ठित रचनेचे पुरस्कर्तेही साशंक झाले. विश्लेषक ॲन टॉमस मेन्स यांनी जानेवारी २००९ मध्ये ही संज्ञाच मृत झाल्याचे, परंतु सेवांची कल्पना टिकून राहील असे लिहिले.

सूक्ष्मसेवा व शेजार-प्रतिनिधी : मार्च २०१४ मध्ये जेम्स लुईस व मार्टिन फाउलर यांनी सूक्ष्मसेवा पद्धतीचे वर्णन करताना शहाणपण टोकांना असावे व वाहिनी साधी असावी, हे तिचे एक लक्षण सांगितले. सॉल्टझर आदींचा जुना युक्तिवाद त्यात नव्याने प्रकटला. त्यापूर्वीच नेटफ्लिक्स या कंपनीने आपल्या शेकडो सेवांसाठी ग्राहककडील चौकटी रचल्या होत्या. त्यांपैकी २०१२ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ‘हिस्ट्रिक्स’ ही लायब्ररी विजेच्या मंडल-खंडकाप्रमाणे काम करी : एखादा सेवादाता वारंवार निकामी ठरू लागला की काही काळ त्याला आवाहनच करावयाचे नाही, म्हणजे एकाच्या बिघाडाने सर्वांची कोंडी होत नाही. परंतु ही लायब्ररी जावा-कुटुंबातील भाषांपुरती होती व जुनी अडचण पुन्हा उभी राहिली. २०१८ मध्ये तिचा पुढील विकास थांबविण्यात आला.

यावर निघालेला तोडगा म्हणजे शेजार-प्रतिनिधी होय. त्यास ‘साइडकार’ म्हणतात. चौकटीतील ज्ञान लायब्ररीतून काढून एका लहान स्वतंत्र प्रॉक्सी-आज्ञावलीत घालावयाचे आणि ती दूर केंद्रात न ठेवता प्रत्येक सेवेच्या शेजारी, त्याच संगणकावर चालवावयाची, अशी ही रचना आहे. ‘लिंकरडी’ व लिफ्ट कंपनीची ‘एन्व्हॉय’ या प्रॉक्सी २०१६ मध्ये, तर गूगल, आय. बी. एम. व लिफ्ट यांचा ‘इस्टिओ’ हा प्रकल्प २०१७ मध्ये जाहीर झाला. अशा अनेक प्रतिनिधींच्या जाळ्यास सेवा-जाळे म्हणतात. स्थूलमानाने पाहता ही कल्पना नवी नव्हती. इन्फर्मेशन बसची प्रत्येक संगणकावरील साहाय्यक आज्ञावली याच जातीची होती. एस्टोनिया देशात २००१ पासून चालू असलेल्या ‘एक्स-रोड’ व्यवस्थेतही शासकीय खात्यांची माहिती मध्यवर्ती केंद्रातून जात नाही. प्रत्येक संस्थेच्या दाराशी असलेले सुरक्षा-सर्व्हर परस्परांशी थेट बोलतात.

पुढील वाटचालीत दोन्ही पक्ष एकमेकांच्या अधिक जवळ आले. गूगलच्या ‘जी. आर. पी. सी.’ या लायब्ररीला २०२० पासून सेवा-जाळ्याच्या नियंत्रण-केंद्राकडून थेट सूचना घेता येऊ लागल्या, त्यामुळे प्रॉक्सीवाचूनही जाळ्यात सहभागी होणे शक्य झाले. उलटपक्षी, प्रत्येक सेवेमागे एक प्रॉक्सी चालविण्याचा खर्च जाणवल्याने इस्टिओने प्रत्येक संगणकामागे एकच प्रॉक्सी ठेवणारा पर्याय २०२२ मध्ये जाहीर केला. तो २०२४ मध्ये सर्वसाधारण वापरासाठी सिद्ध झाला.

बिघाडांतून मिळालेले धडे : दोन्ही मार्गांचे धोके अलीकडच्या दोन घटनांवरून कळतात. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीने आपल्या प्रॉक्सी-सर्व्हरांवरील सुरक्षा-नियमांत एक नवा नियम घातला. त्यातील सदोष शोध-सूत्रामुळे जगभरातील सर्व सर्व्हर एकदम अडकले आणि त्यांच्या आड असलेली असंख्य संकेतस्थळे सुमारे २७ मिनिटे दुर्गम झाली. नियम एका जागी मागे घेताच व्यवहार पूर्ववत झाला. याउलट डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या जावा-लायब्ररीतील गंभीर सुरक्षा-दोष उघडकीस आला, तेव्हा तो कोठे दुरुस्त करावा असे एक ठिकाणच नव्हते. ती आवाहनाची नव्हे, नोंदी ठेवण्याची लायब्ररी होती. पण अगणित आज्ञावलींच्या पोटात गेलेल्या लायब्ररीचे काय होते ते तिने दाखविले. आपल्या प्रणालींत ती आहे की नाही, हेच शोधण्यात अनेक संस्थांचा बराच काळ गेला. मध्यस्थाचा दोष सर्वांना एकदम बाधतो व एकदम दूर होतो. लायब्ररीचा दोष विखुरलेला असतो व रेंगाळतो.

भारतातील एक उदाहरण : मुंबईत मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने ११ एप्रिल २०१६ रोजी प्रारंभ केलेल्या ‘यू. पी. आय.’ या देयक-व्यवस्थेत दोन्ही तत्त्वांचा संयोग दिसतो. बँकांनी परस्परांशी जोडण्या न करता प्रत्येकीने संस्थेच्या मध्यवर्ती यंत्रणेशी जोडावयाचे असते; ही मध्यस्थाची बाजू होय. परंतु ग्राहकाचा गुप्त क्रमांक ज्या खिडकीत टाकला जातो, ती संस्थेनेच पुरविलेल्या लायब्ररीची असते. तो क्रमांक फोनवरच सांकेतिक रूपात बदलतो आणि ज्या कंपनीचे ॲप आहे तिलाही तो वाचता येत नाही. जे गुपित टोकांनीच राखावयास हवे, ते वाटेवरच्या कोणाच्याही हाती दिलेले नाही.

तरीही अंशतः अपयशाचा वॉल्डो यांनी दाखविलेला प्रश्न येथेही सुटलेला नाही. पैसे एका खात्यातून वजा झाले व दुसऱ्यात जमा झाले नाहीत, असे घडू शकते. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने मुदती ठरवून दिल्या : व्यक्तीला पाठविलेली अशी रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत जमा व्हावी आणि त्यापुढील प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी ग्राहकाला १०० रुपये भरपाई मिळावी. आज्ञावलीच्या रचनेने जो संदेह दूर करता आला नाही, त्याची जबाबदारी अखेर नियमाने निश्चित करावी लागली.

मूल्यमापन : आवाहन-चौकट व मध्यस्थ यांपैकी एकाची सरसकट निवड करता येत नाही, असे या इतिहासावरून दिसते. सर्व सेवांना समान असलेले व वारंवार बदलणारे वाहतुकीचे नियम, उदा., मार्ग ठरविणे, वाहिनीचे सांकेतिकीकरण, मोजमाप व नोंदी, वेगळ्या यंत्रणेकडे सोपविणे हितावह ठरते. याउलट, काम दोनदा झाले तर चालेल काय, उत्तर न आल्यास काय करावयाचे आणि आलेले उत्तर विश्वसनीय आहे काय, हे प्रश्न ज्याच्या कामाचे आहेत त्यालाच त्यांची उत्तरे ठाऊक असतात. ही सीमारेषा ज्या संस्थांनी ओलांडली, त्यांच्या मध्यस्थांची गाठ झाली किंवा त्यांच्या लायब्ऱ्या ओझे झाल्या. साधनांची नावे दर दशकात बदलत गेली. दोष कोणाच्या दाराशी उद्‌भवेल आणि तो दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाकडे असेल, हे आधी ठरविण्याची गरज मात्र कायम राहिली आहे.